आडवं येण्याची कला

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात नवा माणूस आला की त्याला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘‘तू फायटर घे. सोपा असतो.’’ सल्ला देणाऱ्याच्या मनात पाप नसतं. विझार्ड त्याने स्वतः घेतलेला असतो, चोर त्याच्या मित्राने पटकावलेला असतो, देवाधर्माचं आणि मलमपट्टीचं बघणारा क्लेरिक कोणाच्या तरी गळ्यात आधीच पडलेला असतो. उरतो तो तलवारवाला. शिवाय विझार्डला मंत्रांची पानंच्या पानं वाचावी लागतात आणि फायटरला मात्र ‘मारतो’ एवढं म्हणता आलं की भागतं, असा सार्वत्रिक समज आहे. थोडक्यात, तुला बाकी काही झेपणार नाही तेव्हा तू पुढे उभा राहा, असा सभ्य अपमान या सल्ल्यात असतो. नवखा तो आनंदाने पदरात घेतो, कारण मनातून त्यालाही तलवारच हवी असते. २०१७ साली ‘डी अँड डी बियाँड’ या साइटवर लोकांनी तयार केलेल्या पात्रांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. एल्फ, ड्वार्फ, ड्रॅगनच्या रक्ताचे लोक, सैतानाचे दूरचे नातलग असं सगळं दुकान मांडलेलं असताना सर्वांत जास्त खप निघाला तो ‘मानव फायटर’चा. कल्पनेला कसलंच कुंपण नसलेल्या खेळात सगळ्यांत जास्त लोकांनी काय व्हायचं ठरवलं, तर हातात तलवार घेतलेला माणूस.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यापुरतं सांगायचं तर टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग, हवामान, गावकरी आणि राक्षस ही सगळी खाती त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्याच्या जगात शिरतात. काय करायचं ते तोंडाने सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला तेव्हा त्यात तीनच प्रकारची पात्रं होती : लढणारा, जादू करणारा आणि धर्मगुरू. मुळाशी होता ‘चेनमेल’ हा १९७१चा युद्धखेळ, ज्यात टेबलावर चिमुकल्या शिपायांच्या पलटणी हलवायच्या असत. त्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक लेव्हलला एक पदवी मिळे, आणि पहिल्या लेव्हलच्या लढवय्याची पदवी होती ‘व्हेटरन’, म्हणजे अनेक रणं पाहून मुरलेला शिपाई. या मुरलेल्या शिपायाचे हिट पॉइंट, म्हणजे आडवा होईपर्यंत सोसता येणारा मार, असत दोन ते सात, आणि कुठल्याही शस्त्राचा फटका बसे एक ते सहाचा. मुरायला त्याला वेळ कधी मिळाला असेल हे गायगॅक्सच जाणे.

पन्नास वर्षांत नियमांची पुस्तकं जाड झाली, योद्ध्याची तब्येतही सुधारली, पण त्या जुन्या गणितातली मेख अजून तशीच आहे. नवखा माणूस योद्धा बांधतो तो मारण्यासाठी. दोन हातांत दोन तलवारी, भुवईवर व्रण, लहानपणी मारले गेलेले आईवडील आणि डोळ्यांत सूड, एवढं सामान घेऊन तो पहिल्या गुहेत शिरतो, सगळ्यांच्या पुढे तीस फूट धावतो आणि दुसऱ्या फेरीत आडवा होतो. माझं म्हणणं एवढंच, की योद्ध्याने आडवं व्हायचं नसतं, आडवं यायचं असतं. मारायला पार्टीत, म्हणजे आपल्या टोळीत, बाकीचे पुष्कळ असतात. चोर मागून भोसकतो, विझार्ड अख्खी खोली पेटवून देतो. पण शत्रू आणि विझार्ड यांच्या मधल्या जागेत कोणी तरी उभं राहिलं पाहिजे आणि तिथून हलता कामा नये, हे काम दुसरं कोणी करणार नाही. गुणांची वाटणी, शस्त्रं, चिलखत, बाजारहाट या सगळ्याचा विचार या एका कामाच्या अंगाने केला की योद्धा बांधणं खरंच सोपं होतं. फक्त लोक म्हणतात त्या कारणाने नव्हे.

सुरुवात गुणांपासून. शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची ताकद असे सहा गुण, आणि त्यांत वाटायला सहा आकडे : १५, १४, १३, १२, १०, ८. (मी आकडे देतोय ते २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे, अजून कितीतरी टेबलांवर तीच चालते.) पंधरा शक्तीला जातात यावर वाद नाही. गडबड होते ती चौदावर. नायक देखणा आणि रुबाबदार असावा अशी आपली जुनी समजूत असल्याने चौदा बरेचदा छाप पाडण्याकडे जातात, आणि योद्धा अत्यंत प्रभावी व्यक्तिमत्त्व घेऊन लवकर मरतो. चौदा काटकपणाला द्यावेत. तो चौदा असला की प्रत्येक लेव्हलमागे दोन हिट पॉइंट जास्त मिळतात. दहाव्या लेव्हलपर्यंत ते वीस होतात, आणि तितक्यासाठी देखणेपणावर पाणी सोडायला हरकत नाही. त्यानंतरचे तेरा शहाणपणाला. इथे नवख्याच्या कपाळावर आठी पडते, कारण पुढे उभं राहायला शहाणपण कशाला लागतं? लागतं ते अशासाठी, की खेळातले चलाख शत्रू योद्ध्याच्या चिलखतावर डोकं आपटत बसत नाहीत. ते त्याच्या मनावर मंत्र टाकतात. ‘होल्ड पर्सन’ या मंत्रातून निसटायला शहाणपणाचा फासा टाकावा लागतो. तो हुकला की योद्धा जागच्या जागी थिजतो आणि शेजारी उभ्या असलेल्या कोणाचाही लागलेला वार दुप्पट फाशांचा होतो. यापेक्षा वाईट मंत्रही आहेत. त्यांत तो थिजत नाही, उलट वळतो, आणि पार्टीला आपल्याच योद्ध्याची ताकद जवळून पाहायला मिळते.

उरलेले आठ बुद्धीला गेले तरी बिघडत नाही, पण त्या आठाचा अर्थ नीट समजून घ्यावा. बुद्धी आठ म्हटलं की काही खेळाडू आपलं पात्र जन्मभर तोंडाचा आ वासून फिरवतात. दार ढकलायचं की ओढायचं यावर त्यांची अर्धी संध्याकाळ जाते. नियमांत आठ बुद्धीची शिक्षा फाशावर एक वजा, एवढीच आहे. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे पाच टक्के. सरासरी माणसाला जे उमजतं ते याला शंभरातल्या पाच वेळा उमजत नाही, आणि एवढ्या फरकावर तर माणसं निवडून येतात. त्यातून पात्राची बुद्धी आठ असली तरी खेळणाऱ्याने स्वतःची घरी ठेवून यायचं कारण नाही.

आता शस्त्र, कारण खरा जीव तिथेच अडकलेला असतो. ग्रेटसोर्ड ही दोन हातांनी धरायची तलवार. तिचे सहा बाजूंचे दोन फासे, सरासरी सात. लाँगसोर्ड एका हाताची. आठ बाजूंचा एक फासा, सरासरी साडेचार. दुकानातच निकाल लागल्यासारखा वाटतो. पण पहिल्या लेव्हलला योद्ध्याला एक लढण्याची पद्धत निवडता येते, आणि त्यातली ‘ड्युएलिंग’ घेतली की एका हातातल्या शस्त्राच्या फटक्यात दोनची भर पडते. साडेचारचे साडेसहा झाले, आणि दुसरा हात ढालीला मोकळा राहिला. मोठ्या तलवारीचीही स्वतःची पद्धत आहे, तिने सरासरी आठाच्या थोडी वर जाते. म्हणजे फरक दोनहून कमी. आता समोर गॉब्लिन आणू, कारण नवख्याची पहिली गाठ बहुधा त्याच्याशीच पडते. गॉब्लिनचे हिट पॉइंट सात. माणूस जातीला प्रत्येक गुणात एक वाढवून मिळतो, म्हणून आपल्या योद्ध्याची शक्ती सोळा आणि फटक्याला तीनची भर. लाँगसोर्डचा वार लागला आणि फाशावर एक सोडून काहीही पडलं तरी गॉब्लिन खलास, म्हणजे आठातल्या सात वेळा. ग्रेटसोर्डचा वार लागला तर छत्तीसातल्या तेहतीस वेळा, आणि तिची पद्धत जोडीला असली तर आणखी थोडं. टक्क्यांत पाहिलं तर पहिली साडेसत्त्याऐंशी, दुसरी साडेएक्क्याण्णवच्या पुढे. बाकीचा सगळा जोर वाया, कारण मेलेला गॉब्लिन आणखी मरत नाही. उलट बाजूने पाहा. साखळी चिलखताने योद्ध्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, सोळा होतो. स्वतःच्या नेमाची भर धरून गॉब्लिनला तो गाठायला फाशावर बारा किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे विसातले नऊ आकडे त्याच्या बाजूचे. ढाल घेतली की आर्मर क्लास अठरा, आणि गॉब्लिनकडे उरतात सात. त्याच्या लागणाऱ्या वारांतले नऊमागे दोन ढालीने परस्पर परतवले. ढालीची किंमत दहा सोन्याची नाणी.

यावर जाणते खेळाडू हसतील. म्हणतील, बाबा रे, हे पहिल्या दोन-तीन लेव्हलचं गणित झालं. पुढे शत्रूचे हिट पॉइंट शंभरावर जातात, ‘ग्रेट वेपन मास्टर’सारखं कौशल्य घेतलं की नेम पाचने कमी करून फटका दहाने वाढवता येतो, आणि मग मोठी तलवार लहानीला कुठच्या कुठे मागे टाकते. बरोबर आहे, आणि चौथ्या-पाचव्या लेव्हलनंतर ज्याला ढाल टाकून मोठी तलवार घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. माझा मुद्दा एवढाच की चौथी लेव्हल यायला तिसरी जिवंतपणी संपवावी लागते.

शस्त्रावर होतं त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही बोलणं जागेवर होत नाही, आणि योद्ध्याचा खेळ तर सगळा जागेचा असतो. नकाशावर पाच-पाच फुटांचे चौकोन असतात. योद्धा एका चौकोनात उभा. शत्रू त्याच्या तलवारीच्या टप्प्यातून निघून जायला लागला तर योद्ध्याला एक फुकटचा वार मिळतो. पण एका फेरीत एकच. म्हणजे मोकळ्या मैदानात तिघे जण त्याला वळसा घालून विझार्डकडे निघाले तर एकाला टोला बसेल आणि दोघे पोचतील. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट सहा-आठ, गॉब्लिनचा एक वार सरासरी साडेपाच. दोन वारांत विद्येचा दिवा विझतो. त्यातून गॉब्लिन हा प्राणीच असा निसरडा की फुकटचा वार न खाता सटकायची युक्ती त्याला नियमांनीच दिलेली आहे. म्हणजे नवख्या योद्ध्याचा पहिलाच शत्रू असा, की त्याच्यावर तलवारीचा धाक चालत नाही. त्याच्यावर भिंतच चालते. शत्रूला योद्ध्याच्या चौकोनातून आरपार जाता येत नाही, म्हणून पाच फुटी दारात उभा असलेला योद्धा म्हणजे बंद दार. विरार लोकलच्या दारात जो गृहस्थ दोन्ही दांड्या धरून उभा असतो आणि बोरिवलीला कोणालाही आत येऊ देत नाही, त्याने कोणाला मारलेलं नसतं. तरी फलाटावरचे दोनशे लोक त्याच्यापुढे हतबल असतात. पहिल्या लेव्हलला योद्ध्याचा आदर्श तो असावा. आणि ज्यांना उदाहरण जरा भारदस्त हवं असेल त्यांनी चौथीचं इतिहासाचं पुस्तक आठवावं. बाजीप्रभू उभे राहिले ते खिंडीत, मैदानात नव्हेत. निम्मी लढाई त्या निवडीत होती, हे मराठी पोराला नवव्या-दहाव्या वर्षी शिकवलेलं असतं. तेच पोर विशीत फासे हातात घेतल्यावर खिंड सोडून मैदानात का धावतं, हे कोडं आहे.

इथे खरा आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. समजा, योद्धा चिलखत-ढाल लावून अभेद्य झाला. मग शत्रू त्याच्या वाटेला जाईलच कशाला? कॉम्प्युटरवरच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या खेळांत योद्ध्याने एक बटण दाबलं की राक्षस भान विसरून त्याच्यावरच धावून येतो. टेबलावर राक्षस चालवणारा डीएम हा माणूस असतो. त्याला दिसतं की पत्र्याच्या कपाटावर वार करण्यात अर्थ नाही आणि मागे झगा घातलेला एक जण बोटं नाचवतोय. २००८च्या चौथ्या आवृत्तीत यावर तोड काढली होती : योद्ध्याने ज्याच्यावर खूण केली त्याने दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर त्याचा नेम बिघडे. नियम कामाचा होता, पण हा टेबलावरचा खेळ राहिला नाही, व्हिडिओ गेम झाला, अशी ओरड पुष्कळांनी केली, आणि पाचव्या आवृत्तीच्या मुख्य नियमांतून ती खूण गेली. तेव्हा आता योद्ध्याला स्वतःच्या अकलेने आडवं यावं लागतं. निव्वळ न मरणं पुरत नाही, दुर्लक्ष करणं परवडणार नाही इतका त्रासही देता आला पाहिजे.

त्रास द्यायच्या वाटा मात्र आहेत, आणि नवखे त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. वाराऐवजी शत्रूला धक्का देऊन पाडता येतं. पडलेल्याला उठायला निम्मी चाल खर्चावी लागते, आणि तेवढ्यात जवळचे सगळे त्याच्यावर जास्त नेमाने वार करतात. हात मोकळा असेल तर शत्रूला पकडता येतं. पकडलेल्याचा वेग शून्य. ज्या ओग्रला मारायला चार फेऱ्या लागणार, त्याला जमलं तर एका फेरीत जखडून ठेवता येतं, आणि मग त्याने कितीही आरडाओरडा केला तरी विझार्डच्या दृष्टीने तो फर्निचर असतो. तिसऱ्या लेव्हलला योद्ध्याला शाखा निवडावी लागते. तिथे पुन्हा तेच शहाणे नवख्याला ‘चॅम्पियन’ घ्यायला सांगतात, कारण तो सोपा : विसाबरोबर एकोणीस पडले तरी जोरदार वार, बाकी विचार करायला नको. माझं मत उलट आहे. ‘बॅटल मास्टर’ घ्यावा. त्याला आठ बाजूंचे चार जादा फासे आणि तीन डावपेच मिळतात : पाडणं, डिवचणं, घाबरवणं, ढकलणं यांतले हवे ते तीन. डिवचलेला शत्रू दुसऱ्या कोणावर वार करायला गेला तर त्याचा नेम चुकण्याचा संभव वाढतो. म्हणजे चौथ्या आवृत्तीतली ती खूण मागच्या दाराने परत आलीच. २०२४च्या सुधारित नियमांत तर प्रत्येक योद्ध्याला पहिल्या लेव्हलपासूनच शस्त्रागणिक एक खोडी दिली आहे. कुठल्या शस्त्राने शत्रू मागे ढकलला जातो, कुठल्याने पडतो, कुठल्याने त्याचा पाय जड होतो. नियम करणाऱ्यांनाही पन्नास वर्षांनी योद्ध्याचं मुख्य काम पटलेलं दिसतं.

दुसरा आक्षेप विझार्डचा, आणि तो दर मोहिमेत एकदा तरी होतो : पाचव्या लेव्हलनंतर तुझा उपयोग काय? पाचव्या लेव्हलला योद्ध्याला एकाच्या जागी दोन वार मिळतात. त्याच लेव्हलला विझार्डला मिळतो फायरबॉल : वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा, सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी अठ्ठावीस, आणि तेही आतल्या प्रत्येकाला. पुढे विसाव्या लेव्हलला योद्धा चार वार करतो, तर विझार्ड ‘विश’ नावाच्या मंत्राने वास्तवच बदलून मागतो. ही तफावत खरी आहे आणि तीवर जगभर वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. पण पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे दिवसाला असे फायरबॉल असतात दोन, ओढूनताणून तीन. ते संपले की तो झगा घातलेला एक किरकोळ गृहस्थ असतो. तलवार संपत नाही. खेळाच्या २०१४च्या मार्गदर्शक पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ मध्यम चकमकी धरलेल्या आहेत, आणि तितक्या खरोखर झाल्या तर संध्याकाळी पार्टीला योद्ध्याची आठवण येते. प्रत्यक्षात काय होतं, तर पहिल्या चकमकीत विझार्ड सगळे मंत्र उधळतो आणि सकाळी अकरा वाजता पार्टीला म्हणतो, आता आठ तास झोपू या. नियमाने चोवीस तासांत अशी एकच झोप फळते, पण हा नियम झोपाळू पार्टीला सोयीने आठवत नाही. योद्ध्याने या झोपेला कडाडून विरोध करावा. त्याचा दम परत मिळवणं आणि दुसऱ्या लेव्हलला मिळणारी जादा कृती या दोन्ही गोष्टी तासाभराच्या विश्रांतीत परत येतात, तेव्हा त्याने तासभर बसायला आनंदाने तयार व्हावं आणि तंबू ठोकायचं नाव निघालं की ओलिसांची, बुडत्या गुहेची, पाठलागावर असलेल्या शत्रूची आठवण करून द्यावी. आणि आणखी एक. फायरबॉल आपला-परका ओळखत नाही. दारात आडवा उभा असलेला योद्धा त्या गोळ्याच्या हद्दीत बरोबर येतो. विझार्डशी याबद्दल बोलणं लढाईआधी करून घ्यावं. नंतर ते फार कडवट होतं.

बाजारहाटावर थोडक्यात. नवखा उरलेल्या पैशांत दुसरी तलवार घेतो. ती घेऊ नये. पन्नास फूट दोर घ्यावा, मशाली घ्याव्यात, आणि फेकायला दोन लहान कुऱ्हाडी किंवा एक धनुष्य घ्यावं, कारण कधी ना कधी उडणारा शत्रू येतोच, आणि त्या वेळी खाली उभं राहून आकाशाकडे तलवार नाचवणाऱ्या योद्ध्याइतकं केविलवाणं दृश्य या खेळात दुसरं नाही. पत्र्याचं पूर्ण चिलखत दीड हजार सोन्याची नाणी आणि पासष्ट पौंड वजनाचं असतं. ते पहिल्या लेव्हलला परवडत नाही, पण पुढे पैसे आले की आधी तेच घ्यावं. त्यात लपतछपत चालणं अवघड होतं हे खरं. पण योद्ध्याला लपायचं असतं कुठे?

लढाई नसताना योद्ध्याने काय करायचं हा प्रश्न जास्त अवघड आहे. राजाच्या दरबारात बोलणी सुरू झाली की फायटर खेळणारा मोबाइल काढतो. विचारलं तर म्हणतो, माझी छाप दहाच आहे. जणू दहावाल्यांना वाचा नसते. प्रश्न विचारायला फासा लागत नाही. किल्ल्यावर पहारा किती, शिपायांचा पगार थकलाय का, हे तलवारीचे वार ताजे की जुने, या गोष्टी दरबारी विझार्डला सुचत नाहीत. योद्ध्याला सुचायला हव्यात. त्यासाठी त्याच्या पूर्वायुष्यात जरा जीव असावा. मारले गेलेले आईवडील डीएमच्या काही कामाचे नसतात. जिवंत आई, कर्जात बुडालेला भाऊ, पळून आलेल्या पलटणीतला सुभेदार यांतलं एक जरी माणूस दिलं तरी डीएम त्याला दहाव्या बैठकीत कुठल्या तरी संकटात अडकवून हजर करतो, आणि त्या दिवशी कथा योद्ध्याची होते. जुन्या आवृत्त्यांना ही समज होती. ‘ॲडव्हान्स्ड’ नावाच्या आवृत्तीत योद्धा नवव्या लेव्हलला ‘लॉर्ड’ होई. त्याने गढी बांधली की त्याच्याकडे शिबंदी आपणहून चालून येई. म्हणजे तलवार चालवून झाल्यावर माणूस शेवटी कारभारात पडतो, हे त्या खेळाने गृहीत धरलं होतं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती आपोआप येणारी शिबंदी गेली, आणि योद्ध्याला तिच्या बदल्यात विसाव्या लेव्हलपर्यंत अकरा जादा कौशल्यं मिळाली. माझ्या मते हा सौदा तोट्याचा झाला.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे : आठवडाभर ऑफिसात हिशेब करून माणूस शनिवारी दोन घटका तलवार फिरवायला येतो, त्याला तुम्ही पुन्हा टक्केवारी का शिकवता? त्याला धावू द्या, मरू द्या, मजा घेऊ द्या. मजेला माझी ना नाही. पण या खेळात मरणाची मजा कशी असते ते पाहा. लढाईची एक फेरी गोष्टीत सहा सेकंदांची असते आणि टेबलावर सहज वीस-पंचवीस मिनिटांची. ज्याचे हिट पॉइंट शून्यावर आले, त्याने आपली पाळी आली की एक फासा टाकायचा : दहा किंवा वर पडले तर जगण्याकडे एक पाऊल, खाली पडले तर मरणाकडे. तीन पावलांत काय तो निकाल. म्हणजे शनिवारच्या संध्याकाळी दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक फासा. मधल्या वेळात चहा करणं आणि दुसऱ्यांच्या लढाईवर सूचना देणं, ज्या कोणी ऐकत नाही. तलवार फिरवायची हौस ज्याला खरोखर आहे, त्याने ती फिरवायला उभं राहण्याची व्यवस्था आधी करावी. त्याला फार काही लागत नाही. कुठल्याही खोलीत पाऊल टाकण्याआधी डीएमला दाराची रुंदी विचारा. त्याने ती ठरवलेली नसेल तर तो बहुधा पाच फूट म्हणतो.